उलटी फेरी

लाखनी
२५ ऑगस्ट २०२५

बाई,

पाया पडतो. राखीले येणं झालं नाही. पावसानं रस्ता खराब होता म्हणून थांबलो, राग धरू नको. फोनवर तुले ऐकू येत नाही, अन् तुह्या चंद्रकुमारच्या हाती निरोप दिला तर तो अर्धाच सांगते, म्हणून पत्रच बरं. अक्षर मोठं काढून राहिलो.

काम असं आहे का लॉनवरची गवत कापायची मशीन मेली. इंजिन जाम झालं, अन् खालचा पत्रा इतका सडला का बोट लावलं तर आरपार जाते. मिस्त्री म्हणते, काका, हिच्यावर आता खर्च करू नका, नवी घ्या.

आमच्या सचिनचं म्हणणं वेगळंच. तो म्हणते, मशीनही नको अन् गवतही नको. पूर्ण लॉनवर प्लॅस्टिकचं हिरवं गवत टाकून देऊ, मंग दहा वर्षं पाहाले नको. नागपूरच्या माणसाले बोलावून त्यानं माप पण घेतलं. बाई, हायवेले लागून असलेल्या आपल्या धानाच्या तीन बांध्या बुजवून पोरानं लग्नाचं लॉन केलं, तवा मी आडवा आलो नाही. धान गेलं तर गेलं, गवत तरी उगवते ना, असं मनाले सांगतलं. रोज सकाळी त्याच्यातून फेरी मारतो तवा वाटते का अजून आपलं वावर आहे. त्याच्यावर प्लॅस्टिक टाकलं तर मी तिथं जाऊन पाहू काय? मले ते सहनच होणार नाही.

भांडून भांडून एवढं कबूल करून घेतलं का तुळशीच्या लग्नाच्या आत मी वीस हजारांच्या आतली मशीन आणून गवत नीट ठेवून दाखवलं, तर गवत राहील. नाही तर प्लॅस्टिक.

चंद्रकुमार निंदणाच्या अन् कापणीच्या मशीनी भाड्यानं देते, त्याले इंजिनातलं कळते. त्याले विचारून लिही. मशीन हलकी पाह्यजे. अन् दोरी ओढून चालू करायची नको, बटनवाली पाह्यजे.

सूनबाई बरी आहे. तुह्या गुडघ्याले तेल लावत जा.

तेजराम


सानगडी
१ सप्टेंबर

तेजराम,

रस्ता खराब होता म्हणतं, तर चंद्रकुमार राखीच्या दिवशी लाखनीवरून दोनदा कसा गेला-आला गा? जाऊ दे. राखी पाकिटात ठेवली आहे, सूनबाई मोनाकडून बांधून घे.

चंद्रकुमारले तुहं पत्र वाचून दाखवलं. तो पोट धरून हासला. तो म्हणते, मामाले बटन पाह्यजे तर वायरवाली घ्यावं लागते, अन् वायरवाली अंगणापुरती असते. अर्ध्या एकराच्या लॉनवर वायर ओढत फिरला तर पहिल्याच दिवशी वायर पात्याखाली येईल. बॅटरीवाली चांगली येते, पण ती तुह्या वीस हजारांत बसत नाही, अन् अर्ध्या लॉनवर चार्जिंग संपून उभी राहते. आपोआप पुढं चालणारीही महाग. त्याच्यात गिअर असते, ते बिघडलं तर सामान नागपूरहून आणा. एक बिनइंजिनाची, नुसती ढकलायची असते, गोल पात्याची. ती स्वस्त, पण चार दिवस गवत वाढलं का अडते.

त्याचं मत असं का साधी पेट्रोलची घे. लोखंडी पत्र्याची, मोठ्या चाकाची, हातानं ढकलायची, दोरीवाली. तीस चाळीस वेळा दोरी ओढावं लागते असं काही नाही, इंजिन चांगलं असलं का एका झटक्यात चालू होते. नवी अशी वीस हजारांत बसते म्हणते.

अन् हलकी कायले पाह्यजे तुले? धानाचं पोतं पाठीवर घेऊन बांधीच्या पाळीवरून पळणारा माणूस तू. लग्नवाल्यांच्यात राहून नाजूक झाला का?

आणखी एक ऐक. पत्रा काहून सडला ते मले माहीत आहे. तू लॉनले बांधीसारखं पाणी बांधून ठेवतं! मी मागच्या साली डोळ्यानं पाह्यलं. गवत आहे बाप्पा ते, धान नाही. कापायच्या दोन दिवस आधी पाणी फोडून देत जा.

रुखमाबाई


लाखनी
१० सप्टेंबर

बाई,

पाया पडतो. राखी बांधून घेतली.

पाण्याचं तू म्हटलं ते खरं आहे. हातच आपला तसा पडला आहे, पाणी दिसलं का अडवावंसं वाटते. पण आता फोडून देतो.

चंद्रकुमारनं सांगतली तशीच एक मशीन इथल्या शाळेत आहे. हेडमास्तर ओळखीचे, म्हणून दोन दिवसांसाठी मागून आणली का आपण चालवून पाहावं. चालू गेटवरच्या माणसानं करून दिली. कापते बरी. पण बाई, तिच्यात एक दोष आहे. ती डावीकडे सरकते. सरळ जाऊ म्हटलं तरी डावीकडेच जाते, अन् उजवीकडे वळवाची असली का अडून बसते. मले वाटलं चाकात काही अटकलं असेल. काढून पाह्यलं, काहीच नाही. मंग मी डोकं लावलं अन् फेरी उलटी घातली. काठच्या पाळीपासून धरून डावीकडे डावीकडे वळत मधात आलो. तसं केलं तर जमते. उशीर लागते, पण जमते.

चंद्रकुमारले विचार, डावीकडे चांगली वळणारी मशीन कोणत्या कंपनीची येते? अन् दांडीवर एक कांडी असते, ती सारखी दाबून धरावं लागते, सोडली का मशीन बंद. ती कांडी बांधून टाकली तर चालते का?

सचिन रोज विचारते, बाबा, झालं का तुमचं मशीनचं. मी म्हणतो, होऊन राहिलं.

तेजराम


सानगडी
१६ सप्टेंबर

तेजराम,

चंद्रकुमार म्हणते, मशीनले डावं-उजवं नसते, मामाले सांग का चार चाकं सारखीच असतात. अन् ती कांडी बांधायची नाही म्हणजे नाही. माणूस पडला का हात सुटते अन् पातं थांबते, त्याच्यासाठीच ती आहे. बांधली तर पायाचा चुरा होईल. 

आता माहं ऐक. तुहं पत्र वाचून मले रात्रभर चैन नाही. बांधीले उलटी फेरी कोण घालते बाप्पा? बाबुजीनं आपल्याले काय शिकवलं होतं? नांगर असो का वखर असो, बांधी उजव्या हाताले ठेवून फिरायचं, देवाले फेरी घालतो तसं. बैलाले सुद्धा तेच वळण लावलं होतं त्याहीनं. उलटी फेरी चितेले घालतात. तू सत्तरीले आला अन् हे तुले सांगावं लागते?

खरं सांग, कोणी काही डोक्यात भरवून दिलं का? का सचिनच्या मायच्या, निर्मलाच्या आठवणीनं तुहं मन थाऱ्यावर नाही? तीन वर्षं झाले तिले जाऊन. मले माहीत आहे, तू कोणाजवळ बोलत नाही. मन लागत नसेल तर इकडे ये चार दिवस. इथं धान पोटरीले आलं आहे, पाहून बरं वाटेल.

पण ती फेरी आधी सोड.

रुखमाबाई


सानगडी
४ ऑक्टोबर

तेजराम,

तुहं उत्तर नाही. दसऱ्याले सोनं द्यालेही आला नाही. सचिन येऊन पाया पडून गेला. त्याले मी विचारलं, बाप कसा आहे, तर त्यानं मान हालवली अन् दुसरीकडेच पाहू लागला.

आता मी काय केलं ते ऐक. तुह्या मशीनचं माह्या डोक्यातून जाईना. आमच्या अंगणात चंद्रकुमारची निंदणाची मशीन उभी असते, दोन दांड्यांची. बंदच होती. मी ती ढकलून पाह्यली. बाहत्तर वर्षांची बुढी मशीन ढकलून राहिली म्हणून शेजारची रीता कामधंदा सोडून पाहत उभी. दोन हातानं ढकलली तर सरळ गेली. मंग डावा हात सोडला अन् एकट्या उजव्या हातानं ढकलली. गेली डावीकडे. पुन्हा ढकलली, पुन्हा डावीकडे. उजवीकडे वळवू म्हटलं तर जागची हालेना.

मी तिथंच ओट्यावर बसून घेतलं. रीता म्हणे, काय झालं वो मावशी?

तेजराम, तुह्या डाव्या हाताले काय झालं?

म्हणून हलकी पाह्यजे. म्हणून दोरी नको, बटन पाह्यजे. म्हणून राखीले नाही आला. अक्षर तुहं पहिल्यासारखंच आहे, उजव्या हाताचं, म्हणून मी फसली. अन् मूर्खासारखी तुले फेरीचं शिकवत बसली.

मले खोटं लिहू नको. डॉक्टरकडे गेला का नाही?

रुखमाबाई


लाखनी
९ ऑक्टोबर

बाई,

पाया पडतो. तुह्यापासून काही लपत नाही.

राखीच्या चार दिवस आधीची गोष्ट. सकाळी चहा घेऊन राहिलो होतो, तर कप हातातून सुटला. उचलाले गेलो तर बोटं मिटेनात. तोंडही जराकसं वाकडं झालं होतं, ते दुपारपर्यंत सरळ झालं. घरी कोणी नव्हतं, सचिन अन् सूनबाई बुकिंगवाल्यांकडे गेले होते. दुसऱ्या दिवशी कापड घ्यायचं सांगून मी एसटीनं भंडाऱ्याले गेलो, तिथं एका डॉक्टरले दाखवलं. ते खूप रागावले. म्हणे, आजोबा, त्याच घडीले याले पाह्यजे होतं, हा लकव्याचा झटका आहे. गोळ्या दिल्या, त्या मी घेतो. हाताचा व्यायाम सांगतला, अन् सोबत घरचं माणूस घेऊन या म्हणे. मी गेलोच नाही. पाय चांगला चालते. हात खांद्यापासून उचलते, पण धरलेलं धरून राहत नाही.

घरी सांगतलं का खांदा भरला आहे.

बाई, तुह्या पाया पडतो, सचिनले सांगू नको. त्याले कळलं का उद्याच तो प्लॅस्टिकवाल्याले बोलावते. त्याले निमित्तच पाह्यजे. मंग मी कशाच्या जोरावर म्हणू का गवत ठेव, मी पाहतो? माह्याच्यानं होत नाही म्हटलं का संपलं. मले मरणाचं भेव नाही वाटत, खरं सांगतो. पण सकाळी उठून जाले जागाच नाही, याचं लई भेव वाटते. खुर्ची टाकून गेटवर बसवतील अन् येणाऱ्या पाहुण्याले रामराम करा म्हणतील. ते मले जमणार नाही.

तुळशीच्या लग्नाले तीन आठवडे आहेत. चंद्रकुमारले एवढंच विचार का एका हातानं चालणारी मशीन भेटते का. मी कशीबशी चालवीन.

तुले बाबुजीची आण आहे.

तेजराम


लाखनी
१७ ऑक्टोबर

आत्याबाईंना मोनाचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही लिहिलंत की भावानं आण घातली आहे ती फक्त सचिनला न सांगण्याची, मोनाला न सांगण्याची नाही. वाचून हसू आलं आणि मग रडूही आलं.

आत्याबाई, मला माहीत आहे. ऑगस्टपासून माहीत आहे. मामाजी बटणांचा शर्ट घालत नाहीत, गोल गळ्याचे बनियन घालून फिरतात. चहाची बशी टेबलावर ठेवूनच पितात. बादली एका हातानं नेतात आणि ती नेहमी अर्धीच भरलेली असते. सासऱ्यांना असं कसं विचारायचं म्हणून मी गप्प राहिले. ते चुकलंच माझं. आणि हे घरी फक्त मला दिसलं असं नाही. ह्यांनाही माहीत आहे.

राखीनंतर जुनी मशीन अजून चालू होती तेव्हा हे गच्चीवर टाकी बघायला गेले होते. वरून त्यांना दिसलं की मामाजी मशीन ढकलता ढकलता खाली बसले. थोड्या वेळानं उठले, परत चार पावलं गेले आणि परत बसले. हे खाली आले ते पांढरेफटक होऊन. त्याच संध्याकाळी त्यांनी नागपूरच्या प्लॅस्टिकवाल्याला फोन केला. मामाजींना वाटतं ह्यांना पैशाची आणि सोयीची पडली आहे. तसं नाही हो. गवतच राहिलं नाही तर बाबा मशीन ढकलणार नाहीत, एवढंच ह्यांच्या डोक्यात आहे. सरळ बोलून टाका म्हटलं तर म्हणतात, मी बाबांना कसं म्हणू की तुमच्याच्यानं आता होत नाही. आठवीत असताना ह्यांना खांद्यावर बसवून नाला ओलांडून शाळेत पोचवलेलं आहे मामाजींनी, ते सांगतात आणि डोळे पुसतात.

दोघंही रोज गवतावरून भांडतात आणि हाताचं नाव कोणी काढत नाही. मी मध्ये बसून पोळ्या वाढते.

आता माझं म्हणणं. मशीन मी चालवते. माझं माहेर आंधळगावचं, बाबांना मुलगा नाही. धानाच्या रोवणीच्या आधी चिखलणीला पॉवर टिलर मीच चालवायची, गुडघाभर चिखलात. त्याच्यापुढे हे काय आहे? सहा महिन्यांपूर्वी मी मामाजींना तसं म्हटलं होतं, तर म्हणाले, सूनबाई, लग्नाच्या लॉनवर मालकाची सून मशीन ढकलून राहिली हे पाहुण्यांनी पाहिलं तर काय म्हणतील. माझं ते ऐकणार नाहीत. तुमचं ऐकतील.

डॉक्टरांची वेळ मी घेऊन ठेवली आहे, दिवाळीनंतरच्या बुधवारची.

मोना


सानगडी
१९ ऑक्टोबर

तेजराम,

बाबुजीची आण मी मोडली. पाप लागलं तर माह्या माथी. मोनाले लिहिलं, अन् तिचं उत्तर आलं.

आता कान देऊन ऐक. मले ऐकू येत नाही, तुले तर येते ना? तुह्या हाताचं साऱ्या घराले माहीत आहे. सचिनले ऑगस्टपासून माहीत आहे. तू मशीन ढकलताना दोनदा खाली बसला ते पोरानं गच्चीवरून पाह्यलं. तुले पडू द्यायचं नाही म्हणून त्यानं प्लॅस्टिक काढलं. अन् प्लॅस्टिक येऊ नाही म्हणून तू हात लपवून राहिला. तुम्ही बाप-लेक एका ताटात जेवता का दोन गावात राहता?

मले तुहा इतका राग आला का पत्र फाडून टाकावंसं वाटलं. दोन महिने मेंदूचं दुखणं अंगावर काढलं तू! काही कमी-जास्त झालं असतं तर मी कोणाले राखी पाठवू? माहेर म्हणून माहं आता कोण आहे, तूच ना?

बुधवारी मुकाट्यानं डॉक्टरकडे जायचं. सोबत सचिन येईल. त्याच्यापासून कोणतीच गोष्ट लपवायची नाही.

अन् मशीन मोना चालवेल. पाहुणे काय म्हणतील ते पाहुण्याले म्हणू दे. आपली माय सात महिन्यांची पोटुशी असताना रोवणीत वाकली होती, तवा कोणी पाहुणा आला नव्हता काही म्हणाले. एका हातानं चालणारी मशीन येत नाही. चंद्रकुमारले विचारलं नाही मी, विचारणारही नाही.

तुले हे जड जाईल ते मले समजते. मले ऐकू येणं बंद झालं तवा मीही भजनात जाणं सोडलं, कोणाले न सांगता. म्हणून समजते.

गवत राहते का नाही ते तुह्या हातात नाही आता, तुह्या तोंडात आहे. हो म्हण.

रुखमाबाई


लाखनी
६ नोव्हेंबर

बाई,

पाया पडतो. उशीर झाला लिहाले.

बुधवारी गेलो. डॉक्टरनं डोक्याचा फोटो काढाले लावला. सचिन सोबत होता. बाहेरच्या बाकावर नंबर येईपर्यंत आम्ही दोघं बसलो होतो. मंग तो म्हणाला, बाबा, मले प्लॅस्टिक आवडत नाही. मी म्हटलं, मलेही नाही. मंग आम्ही दोघंही रडलो, अन् तिथली नर्स म्हणे, काय झालं, कोणाचं काही बरं-वाईट झालं का? सचिन म्हणे, नाही सिस्टर, गवताचं बोलून राहिलो.

गोळ्या बदलल्या. व्यायामाले एक दिवसाआड जातो. करंगळी अन् तिच्या बाजूचं बोट आता मिटते. बाकीचे पाहू.

मशीन घेतली. चंद्रकुमारनं सांगतली तशीच, पेट्रोलची, लोखंडी पत्र्याची, मागची चाकं मोठी, दोरीवाली. वीस हजारांच्या आतच बसली, तेल अन् एक जादाचं पातं दुकानदारानं वरून दिलं. आम्ही तिघंही गेलो होतो. दुकानात दोन मशीनी होत्या. एक हलकी, लहान पात्याची. मी ती उजव्या हातानं ढकलून पाह्यली तर चांगली चालली, सरळ गेली. माहं मन झालं बाई, खोटं कायले सांगू. अर्ध्या एकराले दोन दिवस लागले असते, पण मी चालवली असती. सचिन अन् सूनबाई, तुम्ही म्हणाल ते, एवढंच म्हणाले.

मी मोठी घ्या म्हटलं.

मंग दुकानदार पाना घेऊन आला. दांडीले वर-खाली तीन भोकं असतात, चालवणाऱ्याच्या उंचीवर बसवावं लागते. तो म्हणे, काका, तुमच्या उंचीवर बसवू? मी म्हटलं, माह्या नाही, सूनबाईच्या. ती उभी राहिली, त्यानं खालच्या भोकात नटबोल्ट कसून दिले.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तिनं पूर्ण लॉन कापलं. ओढणी कमरेले बांधून, पायात सचिनचे बूट घालून. पहिल्या दोन फेऱ्या तिरप्या गेल्या, मी ओरडून ओरडून सांगतलं, मंग तिनं मले म्हटलं, मामाजी, तुम्ही तिकडं सावलीत बसा. बसलो. रस्त्यानं जाणाऱ्या दोघा-तिघांनी थांबून पाह्यलं अन् गेले. गवत इतकं एकसारखं मी कधी कापलं नव्हतं. पहिलं लग्न बावीस तारखेले आहे.

काल सूनबाई माहेरी गेली, सचिन बाजारात. घरी मी एकटाच होतो. शेडमधून मशीन बाहेर काढली अन् चालू न करता दांडी धरून पाह्यली. माह्या कमरेच्या खाली येते. वाकल्याशिवाय धरता येत नाही. मंग फडक्यानं पत्रा पुसला, पात्याखालचं वाळलं गवत काढलं, अन् होती तशी आत ठेवून दिली.

तेजराम